मंचाला दार बसवताना: एका प्रकरणाचा अभ्यास

एका ऑनलाइन गटाने आपल्या चर्चा-मंचापुढे नवख्यांसाठी एक छोटी जाहीर साइट उभी केली, त्याचं हे प्रकरण. त्यात मी तांत्रिक बाजू सांभाळणारी स्वयंसेवक होते, त्यामुळे पुढे जे निर्णय चुकलेले दिसतील त्यांतले निम्मे माझेच आहेत. गटाची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत.

पार्श्वभूमी

घरात अंथरुणाला खिळलेलं किंवा स्मरणशक्ती हरवत चाललेलं माणूस आहे आणि त्याचं सगळं करायची जबाबदारी आपल्यावर आहे, अशा लोकांचा हा गट. सुरुवात व्हॉट्सॲप ग्रुपपासून झाली. ग्रुप वाढला तसा नेहमीचा त्रास सुरू झाला. कालचं उत्तर आज सापडेना, तोच प्रश्न आठवड्यात चारदा, आणि रात्री दोनला कुणी मन मोकळं केलेलं सकाळपर्यंत फॉरवर्डांच्या ढिगाखाली गाडलं जायचं. म्हणून गटाने स्वतःचं डोमेन घेतलं आणि त्यावर चर्चा-मंच उभा केला.

मंच मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा, भाड्याच्या सर्व्हरवर चालणारा. त्यात तीन थर: कुणालाही वाचता येणारा खुला विभाग, फक्त सदस्यांना दिसणारा विभाग, आणि जुन्या, विश्वासातल्या सदस्यांची आतली खोली. खरी चर्चा दुसऱ्या आणि तिसऱ्या थरात चाले. आजारी सासऱ्यांचा राग येतो, हे कुणी खुल्या विभागात लिहीत नाही.

देखरेखीला आम्ही पाच जण. सगळे नोकरी आणि घरची देखभाल सांभाळून उरलेल्या वेळात काम करणारे. ही गोष्ट पुढच्या प्रत्येक निर्णयात आडवी आली.

अडचण

एका सदस्याने हौसेने मंचाचा क्यूआर कोड छापून एका दवाखान्याच्या प्रतीक्षा-कक्षात लावला. तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकीच्या फोनवर निरोप आला: "ताई, हे उघडत नाही. पासवर्ड मागतंय. तुमचा पासवर्ड पाठवा ना."

हसू आलं, पण त्या बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. डोमेन उघडलं की समोर थेट मंच यायचा. बाहेरून आलेल्याला वर लॉगिनचं बटण आणि खाली कुठल्यातरी चालू धाग्यांची शीर्षकं, एवढंच दिसे. हा गट कुणाचा, पैसे लागतात का, इथे डॉक्टर आहेत का, माझं नाव कुणाला दिसेल का: या चार प्रश्नांची उत्तरं पानावर कुठेच नव्हती. ती मिळायची नोंदणी झाल्यावर, स्वागताच्या निरोपात. आत यावं की नाही हे ठरवायला आधी आत यावं लागत होतं.

दुसरी अडचण वजनाची. हल्लीचे बरेच मंच म्हणजे ब्राउझरात चालणारी ॲपच असतात. २०१३ साली आलेलं डिस्कोर्स हे या जातीचं परिचित उदाहरण; सर्व्हरवर रुबी ऑन रेल्स, ब्राउझरात एम्बर ही प्रोग्रामिंगची चौकट. अशा मंचावर आधी प्रोग्राम उतरतो, मग तो मजकूर मागवतो. रोज येणाऱ्याचा यात फायदाच होतो, कारण प्रोग्राम एकदा उतरला की पुढची पानं झटकन उघडतात. पण पहिल्यांदा आणि कदाचित एकदाच येणाऱ्याला तो सगळा भार पहिल्याच पानाला उचलावा लागतो, तोही दवाखान्याच्या जाड भिंतींआड मिळणाऱ्या एखाद्या दांडीच्या रेंजवर.

बाकीच्या तक्रारी लहान होत्या, पण रोजच्या. लिंक कुणाला पाठवली की खालच्या चौकटीत 'लॉगिन करा' असं शीर्षक उमटायचं. मंचाचं सॉफ्टवेअर अद्ययावत करताना तो थोडा वेळ बंद राही, तेव्हा गटाचं म्हणून इंटरनेटवर काहीच उरत नसे, तातडीचे संपर्कही नाहीत. आणि शोधयंत्रातून येणारे लोक खुल्या विभागातल्या एखाद्या चार वर्षं जुन्या धाग्यावर येऊन पडत, जिथला पहिला सल्ला पुढे बाविसाव्या प्रतिसादात खोडलेला असे. बाविसाव्या प्रतिसादापर्यंत कोण वाचतो?

पर्याय

मंचाचंच मुखपृष्ठ सजवावं, हा पहिला विचार. वर एक चिकटवलेला धागा, नाहीतर मुखपृष्ठाचं एखादं प्लगिन. कमीत कमी श्रमाचा मार्ग. पण वजन तेवढंच राहणार होतं, मंच बंद पडला की हेही बंद पडणार होतं, आणि प्लगिन पुढच्या आवृत्तीशी जुळेल की नाही ही टांगती तलवार वेगळी.

दुसरा पर्याय मंचाबाहेर वेगळी साइट, वर्डप्रेसवर. २००३ पासून चालत आलेलं, सगळ्यांना ठाऊक असलेलं साधन. पाचपैकी तिघांना ते येत होतं आणि त्यांचा आग्रहही होता. माझा विरोध एवढ्यासाठीच होता की त्यामुळे आमच्याकडे दुसरा डेटाबेस, दुसरी खाती, दुसरे बॅकअप आणि दुसरी अद्ययावत करण्याची कामं येणार होती. एकाच मंचाची काळजी घेताना आमची दमछाक होत होती. दर आठवड्याला नवे लेख लिहिणारे दोन लोक आमच्याकडे असते तर मी उलट मत दिलं असतं.

तयार साचे देणाऱ्या सशुल्क सेवांवर चर्चा फार झाली नाही. तिथे सुरुवात सोपी असते, पण उद्या बाहेर पडायचं तर मजकूर कसा काढायचा याचं उत्तर कुणालाच देता येईना.

चौथा पर्याय स्टॅटिक साइटचा: आधीच तयार करून ठेवलेल्या एचटीएमएल फाइली, मागे डेटाबेस नाही, लॉगिन नाही. फोडण्यासारखं जवळजवळ काही नाही आणि विसरून गेलं तरी सहसा बिघडत नाही. अशा फाइली तयार करून देणाऱ्या साधनांपैकी जेकिल २००८ पासून आहे, ह्यूगो २०१३ पासून. ह्यूगो ही एकच चालवायची फाइल, बाकी काही बसवावं लागत नाही, म्हणून मी तिच्याकडे झुकले. "पण मग मजकूर कोण बदलणार? तू एकटीच?" हा प्रश्न आमच्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या काकांनी विचारला आणि बैठक तिथेच अडली. प्रश्न बरोबर होता. ज्या साइटचं कुलूप एकाच माणसाला उघडता येतं ती साइट त्या माणसाबरोबर म्हातारी होते.

त्यावरचा तोडगाही काकांच्याच बोलण्यातून निघाला. लोकांना मंचावर लिहिता येतं, तर जाहीर पानांचा मजकूरही मंचावरच लिहावा. एक बंद विभाग केला, त्यात प्रत्येक जाहीर पानासाठी एक विकी धागा. पाचही जण तो संपादित करू शकतात, बदलांचा इतिहास आपोआप राहतो, वादही तिथेच खाली घालता येतो. धाग्याचा नुसता मजकूर मिळवायची सोय मंचात होतीच. एक छोटी स्क्रिप्ट तो मजकूर उचलते, ह्यूगो त्याची पानं करतो, पानं बाहेरच्या सेवेवर चढतात. मंच बंद असला तरी शेवटची चढवलेली पानं जागच्या जागी राहतात.

पहिल्या आवृत्तीत कुणी धागा संपादित केला की साइट आपोआप नव्याने तयार व्हायची. एका रात्री कुणीतरी 'इथे काहीतरी धीराचं लिहा' असं स्वतःसाठी टिपून झोपी गेलं, आणि सकाळपर्यंत ते वाक्य मुखपृष्ठावर होतं. त्यानंतर आपोआपपणा काढला. आता बटण दाबल्याशिवाय काही बाहेर जात नाही, आणि लिहिणाऱ्याने स्वतः ते दाबायचं नाही.

निर्णय पहिला: मुख्य पत्ता कुणाला

मला सोपा वाटलेला आणि सगळ्यांत अवघड निघालेला निर्णय हा. मुख्य डोमेनवर मंच बसला होता. नव्या साइटला सबडोमेन (मुख्य पत्त्याआधी एक शब्द जोडून होणारा उपपत्ता) द्यायचं, की मंचाला सबडोमेनवर हलवून मुख्य पत्ता साइटला द्यायचा?

मंच न हलवणं सुरक्षित होतं. काहीच तुटलं नसतं. पण लोक तोंडाने जो पत्ता सांगतात, कागदावर जो छापतात, तो मुख्य पत्ता असतो. नवखा माणूस तिथेच येणार आणि पुन्हा लॉगिनच्या पाटीवर आदळणार. मंच मुख्य डोमेनच्या पोटात एखाद्या उपमार्गावर ठेवायची शक्यताही तपासली, पण ती आडवाट निघाली; शिवाय साइट आणि मंच एकाच सर्व्हरच्या दारातून गेले असते, म्हणजे एक पडला की दोन्ही पडणार. वेगळ्या होण्याचा अर्धा फायदा तिथेच संपत होता.

शेवटी मंच हलवायचं ठरलं. त्याची किंमत अशी: गेल्या काही वर्षांत लोकांनी एकमेकांना पाठवलेली प्रत्येक लिंक मुख्य डोमेनची होती आणि ती चालत राहायलाच हवी होती. सुदैवाने मंचाच्या सगळ्या पत्त्यांची सुरुवात ठरावीक असते: धाग्यांची एक, विभागांची एक, सदस्यांच्या पानांची एक. त्यामुळे 'असा सुरू होणारा कुठलाही पत्ता सबडोमेनवर जसाच्या तसा पाठव' एवढे चारपाच नियम पुरले. मात्र नुसत्या फाइली ठेवणाऱ्या प्रत्येक सेवेला असे नियम पाळता येत नाहीत. हे मला सेवा निवडून झाल्यावर कळलं, आणि ती बदलावी लागली.

नियम लिहिताना एक खबरदारी कामी आली. पहिला आठवडा रीडायरेक्ट ३०२ या क्रमांकाने, म्हणजे तात्पुरता ठेवला. सगळं नीट दिसल्यावर ३०१ केला. ३०१ म्हणजे कायमचा पत्ताबदल, आणि ब्राउझर तो लक्षात ठेवतो. त्यात चूक झाली तर आपण सर्व्हरवर ती दुरुस्त केली तरी लोकांच्या फोनमध्ये ती मुरलेली राहते.

निर्णय दुसरा: बाहेर काय ठेवायचं

सुरुवातीच्या यादीत वीस पानं होती. प्रत्येकाला आपला विषय बाहेर हवा होता: आहार, औषधांच्या वेळा, व्हीलचेअर, बेडसोर, कायदेशीर कागद. यादी छाटायला आम्ही एक प्रश्न वापरला. या पानाला सहा महिने कुणीही हात लावला नाही, तर ते खरं राहील का?

'आम्ही कोण', 'नोंदणी कशी करायची', 'तुमचं नाव कुणाला दिसतं', 'इथे वैद्यकीय सल्ला मिळत नाही' ही पानं उत्तीर्ण झाली. औषधं आणि आहार नापास झाले, कारण त्यांत प्रत्येकाचं प्रकरण निराळं आणि उत्तर चर्चेतूनच निघतं. ते मंचावरच राहिले. एकाच गोष्टीची माहिती दोन ठिकाणी ठेवायची नाही हेही तेव्हाच ठरलं, कारण दोन प्रतींपैकी शिळी कुठली हे वाचणाऱ्याला कळत नाही.

अडला तो फक्त तातडीच्या संपर्कांचा विषय. क्रमांक बदलतात, सेवा बंद होतात. आमच्या प्रश्नात ते पान सपशेल नापास. पण रात्री अडलेल्या माणसाला सगळ्यांत आधी तेच लागतं, आणि त्यासाठी नोंदणी करायला लावणं निर्दय वाटत होतं. म्हणून ते एकच पान अपवाद ठरलं. त्यावर शेवटचं तपासल्याची तारीख ठळक, एका ठरलेल्या व्यक्तीकडे जबाबदारी, आणि नव्वद दिवसांत तारीख बदलली नाही तर साइट तयार करणारी स्क्रिप्ट आम्हा पाचही जणांना कटकट करते.

शेवटी सात पानं उरली. वीस पानांची यादी कुणीतरी अजून जपून ठेवली आहे.

बांधणी

पानं बांधताना एक हद्द आखून घेतली: मुखपृष्ठाचं एचटीएमएल, आकार देणाऱ्या नियमांसकट, दाबून (कॉम्प्रेस करून) १४ केबीच्या आत. हा आकडा हवेतला नाही. जोडणी सुरू झाल्यावर सर्व्हर पहिल्या फेरीत साधारण दहा पाकिटं पाठवतो. १,४६० बाइटांची दहा पाकिटं म्हणजे १४,६०० बाइट. २०१३ च्या आरएफसी ६९२८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजापासून हे प्रमाण रूढ झालं. तेवढ्यात पान बसलं तर पुढच्या फेरीची वाट न पाहता वाचायला सुरुवात होते. कमकुवत नेटवर त्या एका फेरीचा फरक डोळ्याला दिसतो.

मराठीपुढे इथे दोन गोष्टी येतात. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, त्यामुळे कच्ची फाइल फुगलेली दिसते. पण तीच ती चिन्हं पुन्हापुन्हा येत असल्याने दाबल्यावर ती छान आकसते. म्हणून मजकुराची काळजी सोडली. फॉन्टची मात्र केली. जोडाक्षरांमुळे देवनागरीचा वेबफॉन्ट रोमनपेक्षा जड असतो, आणि तो उतरेपर्यंत पान एकतर कोरं दिसतं किंवा मध्येच उडी मारतं. फोनमध्ये असलेलाच फॉन्ट वापरला. दिसायला साधा, पण लगेच दिसणारा.

दुसरी गोष्ट पत्त्यांची. पानांचे पत्ते देवनागरीत ठेवावेत असा माझाच हट्ट होता. मग लक्षात आलं की असा पत्ता कॉपी करून निरोपात चिकटवला की बरेचदा प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरं होतात. 'देखभाल' या शब्दात सहा चिन्हं. त्याची % चिन्हांनी भरलेली चोपन्न अक्षरांची माळ. आधीच घाबरलेल्या माणसाला ती फसवणुकीची लिंक वाटते. पत्ते रोमन लिपीत, आखूड ठेवले. हट्ट गेला, वाईट वाटलं.

जावास्क्रिप्ट अजिबात नाही. कोण आलं हे मोजणारी कुठलीही सोय नाही. एकाने सुचवलं होतं की मंचावर लॉगिन असलेल्याला साइटवरही त्याचं नाव दिसावं. तांत्रिकदृष्ट्या शक्य होतं, पण त्यासाठी साइटला 'हा माणूस कोण' हे कळावं लागलं असतं. आजारपणाशी निगडित गटाच्या जाहीर पानाला ते कळू नये, यावर पाच मिनिटांत एकमत झालं. साइट आणि मंच यांच्यात साध्या लिंकशिवाय काही धागादोरा नाही. प्रत्येक पानाला लिंकच्या चौकटीत दिसणारं नीट शीर्षक आणि एक वाक्य दिलं, एवढाच काय तो शृंगार.

खुल्या विभागातल्या जुन्या, चुकीचा सल्ला देणाऱ्या धाग्यांचं काय? पहिला विचार ते शोधयंत्रांपासून लपवायचा होता. इथे एक ठेच लागते ती सांगून ठेवते. शोधयंत्रांनी कुठे यायचं नाही ते सांगणाऱ्या रोबोट्स फाइलमध्ये एखादा पत्ता बंद केला तर शोधयंत्र ते पान वाचत नाही. पण वाचत नाही म्हणून त्या पानावर लिहिलेली 'याची नोंद घेऊ नका' ही सूचनाही त्याला दिसत नाही, आणि नुसता पत्ता यादीत तसाच राहू शकतो. दोन्ही उपाय एकत्र केले की एकमेकांना मारतात. आम्ही बहुतेक धाग्यांच्या पहिल्या पोस्टवर फक्त टीप घातली: हा सल्ला जुना आहे, खाली अमुक प्रतिसाद वाचा.

हलवण्याचा दिवस

डोमेनच्या नोंदींचा टीटीएल (इतरांनी जुनी नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत) एक दिवसाचा, म्हणजे ८६,४०० सेकंद होता. तो दोन दिवस आधी ३०० वर आणला, म्हणजे बदल लवकर पसरेल आणि माघार घ्यायची वेळ आली तर तीही लवकर घेता येईल. डोमेनच्या मुळाशी सीनेम, म्हणजे दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद ठेवता येत नाही, कारण तिथे दुसऱ्या अनिवार्य नोंदी असतातच आणि सीनेम शेजारी खपवून घेत नाही. म्हणून तिथे थेट आयपी पत्ते दिले. मंचाच्या नव्या नावासाठी सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र काढलं, जुन्या पोस्टींमधले चित्रांचे पत्ते बदलून पोस्टी पुन्हा तयार करून घेतल्या. सगळ्यांची लॉगिनं गेली, ते अपेक्षित होतं. लॉगिन लक्षात ठेवणारी ब्राउझरातली खूण, म्हणजे कुकी, जुन्या नावाला बांधलेली असते. गूगल खात्याने आत येणाऱ्यांचं लॉगिन मात्र अडलं, कारण परतीचा पत्ता तिकडे नव्याने नोंदवायला मी विसरले होते. वीस मिनिटांचं काम, पण तोवर निरोपांचा पाऊस.

खरा गोंधळ दुसऱ्या दिवशी सकाळी झाला आणि त्याचा तंत्राशी काही संबंध नव्हता. "मंच बंद केलात का हो?" "आमचे सगळे धागे कुठे गेले?" जुने सदस्य सवयीने मुख्य पत्ता टाकत होते. काहींनी फोनच्या पडद्यावर मंचाचं चिन्ह ठेवलं होतं. तेही मुख्य पत्ताच उघडत होतं. त्यांच्यासमोर येत होतं एक स्वच्छ, हलकं, नवख्यांचं प्रेमाने स्वागत करणारं पान, ज्यावर मंचाकडे जायची लिंक सगळ्यांत खाली, तळटिपेत होती.

आम्ही तीन महिने फक्त त्या प्रतीक्षा-कक्षातल्या बाईंचा विचार केला होता. त्या दारातून रोज जाणारे मात्र जुनेच लोक होते. दुपारपर्यंत पानाच्या अगदी वर, पूर्ण रुंदीचं बटण आलं: 'सदस्य आहात? इथून आत या.' एका आजींना तरीही त्यांच्या नातवाने फोनवर जुनं चिन्ह पुसून नवं लावून दिलं, तोवर आठवडाभर त्या मंचावर नव्हत्या. त्यांनी नंतर लिहिलं की त्यांना वाटलं आपल्याला काढून टाकलं.

'ताज्या चर्चा'ची चूक

साइट फार निर्जीव वाटते, आत काय चाललंय ते दिसत नाही, असं म्हणणारे बरेच होते. म्हणून मुखपृष्ठावर 'ताज्या चर्चा' अशी चौकट घातली. खुल्या विभागातल्या शेवटच्या पाच धाग्यांची शीर्षकं, रोज रात्री एकदा मंचावरून आणलेली. खुलीच शीर्षकं आहेत, मग हरकत काय, असा विचार. माझाच.

एका सदस्याने चुकून खुल्या विभागात धागा काढला. शीर्षक इथे देत नाही. एका घरातला निर्णय होता, आणि त्या घरच्यांना वाचताक्षणी कळेल असा. चूक लक्षात येताच तिने हलवायला सांगितलं. आमच्यातल्या एकाने दहा मिनिटांत धागा आतल्या खोलीत नेला. मंचाच्या बाजूने काम चोख झालं होतं.

फक्त त्या दहा मिनिटांत रात्रीची फेरी होऊन गेली होती. शीर्षक साइटच्या मुखपृष्ठावर होतं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिथेच राहिलं. मंचावर धागा हलवला, पुसला, बंद केला, तरी बाहेरच्या फाइलीला त्याची खबर लागत नाही. ती फाइल म्हणजे एक छायाचित्र आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा निरोप आला: "मी हलवायला सांगितलं होतं ना?" चौकट त्याच मिनिटाला काढली, शोधयंत्रांना जुनी प्रत काढायची विनंती केली, माफी मागितली. तिने त्यानंतर मंचावर काही लिहिलेलं नाही.

यावर बराच खल झाला. कुणी म्हणालं, शीर्षकं दर पाच मिनिटांनी आणू. कुणी म्हणालं, आधी मंजुरी, मग चौकट. पण प्रश्न वेगाचा नव्हता. सदस्य खुल्या विभागात लिहितो तेव्हा तो मंचावर, आपल्या माणसांत लिहीत असतो. बाहेरची माणसंही वाचू शकतात एवढंच त्याला ठाऊक असतं. तेच शब्द उचलून आम्ही दारावर लावणार, याला त्याने होकार दिलेला नव्हता. तेव्हापासूनचा नियम असा: सदस्याचा एकही शब्द, शीर्षकसुद्धा, त्याला विचारल्याशिवाय जाहीर पानावर जात नाही. विचारताना ते पान जसं दिसेल तसं दाखवायचं, आणि 'नको' म्हणण्याचं कारण विचारायचं नाही. आजवर तीन मनोगतं अशी गेली आहेत. साइट अजूनही थोडी निर्जीवच आहे.

निकाल

मोजणारं काही बसवलं नव्हतं, त्यामुळे किती लोक आले याचा आकडा माझ्याकडे नाही. जे दिसलं ते एवढं. नोंदणीच्या अर्जात 'इथे का यावंसं वाटतं' असा एक प्रश्न आहे. पूर्वी त्यात 'माहिती हवी' किंवा नुसता ठिपका असे, आता लोक दोनचार ओळींत आपली परिस्थिती लिहितात, म्हणजे आत काय आहे हे कळून येतात. ते चार प्रश्न जवळपास थांबले. मंच दोनदा बराच वेळ बंद होता, त्या दोन्ही वेळा साइट चालू होती आणि वरच्या पट्टीवर सूचना लावता आली.

नोंदण्यांची संख्या मात्र सुरुवातीला घटली आणि बैठकीत चेहरे पडले. वेबसाइटींच्या वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब निल्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन गटांबद्दल एक ढोबळ नियम मांडला होता: शंभरातले नव्वद नुसतं वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, बरंचसं लेखन उरलेला एक जण करतो. आमच्याकडचे नेमके आकडे काहीही असोत, कित्येक जण पूर्वी फक्त एक पान वाचायला खातं उघडत आणि पुन्हा येत नसत. त्यांना आता खात्याची गरज उरली नव्हती. हे पटायला काही महिने गेले, आणि आमच्यातल्या एकाला अजून पटलेलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

साइट आधी महिनाभर सबडोमेनवर चालवून जुन्या सदस्यांना दाखवली असती. पत्त्यांची अदलाबदल त्यानंतर. त्यांच्याच तक्रारींतून तळटिपेतली ती लिंक वर आली असती, आणि आजींना आठवडाभर बाहेर बसावं लागलं नसतं.

वर्डप्रेसबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, पण ते मांडताना मी तंत्राची कारणं दिली. खरं कारण आमच्याकडे लिहिणारं कुणी नव्हतं हे होतं. ते तेव्हाच उघड बोलले असते तर 'साइट निर्जीव आहे' ही तक्रार नंतर इतकी बोचली नसती आणि ती चौकटही कदाचित आली नसती.

संपर्कांच्या पानाचा गुंता अजून सुटलेला नाही. ज्यांच्याकडे ते पान आहे त्यांच्याच घरी सध्या आजारपण वाढलंय, आणि स्क्रिप्टची कटकट आमच्या चौघांच्या पेटीत साचतेय. दोघांचं म्हणणं, तारीख उलटली की पान खाली उतरवावं, चुकीचा क्रमांक फिरवण्यापेक्षा बरं. दोघांचं म्हणणं, जुना का होईना, क्रमांक असू द्यावा. तूर्त पान आहे, जुन्या तारखेसह, आणि ती तारीख आम्ही लाल केली आहे.